मागच्या दारातली खोकडं

आईने अबोला धरला की घरात सगळ्यात जास्त बोलावं लागायचं ते मला. माणसं तीनच. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत म्हटल्यावर दोघांचंही ओझं तिसऱ्याच्या गळ्यात. "सुरेखा, तुझ्या आप्पाला सांग, मीठ सरलंय." आप्पा समोरच पाटावर बसलेले असायचे, हातभर अंतरावर, दोन्ही कान शाबूत. तरी मी मान वळवून सांगायची, "आप्पा, मीठ संपलंय." आप्पा माझ्याकडे बघून म्हणायचे, "आणतो म्हणावं." आणि मी पुन्हा मान वळवायची. नववीच्या वर्षातला निम्म्याहून जास्त काळ मी हा निरोप्याचा धंदा केला. पुढे जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा एकच गोष्ट दोनदा, दोन निराळ्या सुरांत सांगायचा मला कधी कंटाळा आला नाही. ट्रेनिंग घरीच झालं होतं.

अबोल्याचं कारण हे घर. ज्याच्या मागच्या खोलीत बसून मी आज हे लिहिते आहे, तेच. त्याआधी आम्ही काळेवाडीत एका खोलीत राहायचो. ओळीने खोल्या, मधल्या भिंती इतक्या पातळ की पलीकडे फोडणीत जिरं पडलं की मोहरी, हे आई इकडे बसून सांगायची. तिला मिरची हवी असली की ती वाटीने भिंतीवर टकटक करायची आणि दोन मिनिटांत कुणाचं तरी पोर मिरची घेऊन दारात उभं. पापड, कुरडया, येसराचं भाजणं, सगळं चौघीजणींनी मिळून. येसर म्हणजे आमच्या लातूरकडचं आमटीत लावायचं भाजक्या धान्याचं, मसाल्याचं पीठ. ते भाजायला लागलं की अख्ख्या ओळीला शिंका यायच्या आणि शिव्या देत देत सगळ्याजणी वाटी घेऊन यायच्या. आई तिथे सुखात होती. आप्पांना मात्र घर हवं होतं. भोसरीच्या ज्या कारखान्यात ते मशीन शॉपला होते, तिथल्या चार-सहाजणांनी चऱ्होलीच्या माळावर प्लॉट घेतले होते. आप्पांनीही घेतला. ओव्हरटाइम करून त्यावर घरही बांधलं. आणि स्लॅब पडल्यावर, पेढ्यांचा पुडा घेऊन, घरी सांगितलं.

आप्पांना वाटलं होतं, आई हरखून जाईल. आईने पेढा देवापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली, "एकदा इचारावं की माणसानं." ते तिचं आप्पांशी शेवटचं वाक्य. दिवाळी झाली, टेम्पोत सामान चढलं, काळेवाडीतल्या बायका रडल्या, आई रडली नाही. तेव्हापासून जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत.

तो माळ आता सांगूनही कुणाला पटणार नाही. आज आमच्या पुढच्या दारातून बाहेर पाहिलं की बारा-बारा मजल्यांचे टॉवर, त्यांच्या गेटवर शिट्ट्या मारणारे वॉचमन आणि घरपोच जेवण आणणारी मुलं दिसतात. तेव्हा आमचं घर ओळीतलं शेवटचं होतं. मागचं दार उघडलं की आमची थोडी मोकळी जागा, तिच्या टोकाला एक जुनं बोराचं झाड, त्यापलीकडे लष्कराच्या हद्दीची काटेरी तार, आणि तारेपलीकडे गवत. नजर जाईल तिथवर वाळलेलं, पिवळं गवत. दिवसभर टिटव्या ओरडायच्या. वारा भोसरीकडून असला तर शिफ्ट सुटल्याचा भोंगा ऐकू यायचा आणि आई न बोलता चुलीवर, म्हणजे स्टोवर, तवा चढवायची. भिंत वाजवायला शेजारी भिंतच नव्हती. आई मागचं दार बंद ठेवायची. "उघडून काय बगायचं? गवत?" असं मला म्हणायची, आप्पांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

ते दार उघडलं बोरांनी. थंडी पडली आणि झाडाखाली पिकलेल्या बोरांचा सडा पडायला लागला. फुकट गेलेलं अन्न आईला बघवायचं नाही. एका संध्याकाळी ती टोपली घेऊन मागे गेली आणि तशीच उलट्या पावली परत आली. "सुरेखा, मांजर बोरं खायलंय," ती म्हणाली. मी उंबऱ्यातून पाहिलं. मांजराएवढंच, पण मांजर नव्हे. उंच कान, निमुळतं तोंड, काडीसारखे पाय, आणि अंगाच्या मानाने भलतीच मोठी झुबकेदार शेपटी. तिचं टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं. ते एक-एक बोर उचलायचं, मान वर करून चावायचं, आणि मधेच थांबून कान आमच्याकडे करायचं. मग झाडामागून दुसरं आलं. दोघांनी बोरं खाल्ली, मग बांधकामाच्या उरलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग पडला होता तिकडे जाऊन फळ्यांच्या फटीत तोंड घालून काही तरी चाटत बसली. अंधार दाटला तशी तारेखालून गेली.

ज्यांची ही जमीन पूर्वी होती ते गेनूतात्या दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले, त्यांना आईने विचारलं. "खोकाड हाय ते," तात्या म्हणाले. "कोल्ह्याचं धाकलं भावंड समजा. जोडीनंच ऱ्हातंय. तुमच्या लाकडाला वाळवी लागलीया, ती खातंय." मग म्हणाले, "आमी वाटंनं निघाल्यावर खोकाड दिसलं, की आमचा म्हातारा म्हनायचा, आज काम व्हतंय." यातलं किती खरं देव जाणे. आईने मात्र त्या दिवसापासून मागचं दार उघडं ठेवलं.

दिवेलागणीला आई उंबऱ्यावर बसू लागली, तिच्या शेजारी मी. आप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले की हातपाय धुऊन चहाची कपबशी घेऊन आमच्या मागे उभे राहायचे, आणि मग हळूच माझ्या दुसऱ्या बाजूला बसायचे. मधे मी. बोलायचं नाही, हा इथला नियमच होता, कारण शब्द उमटला की खोकडं पसार. घरातला अबोला आणि उंबऱ्यावरची शांतता दिसायला सारखीच. पण एकात मला गुदमरायचं आणि दुसरीत छान वाटायचं. स्टोवर आमटी रटरटायची, हवेत येसराचा वास, आणि समोर ती दोघं बोरं खातायत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आप्पांना हे सगळं चुकायचं. मग सकाळी दात घासता घासता ते मला विचारायचे, "आईला विचार, काल आली होती का?" आई पाठमोरीच म्हणायची, "आली व्हती म्हणावं. मादी लंगडायली. काटा भरला असंल."

आईने पाहुणचार म्हणून एकदा भाकरीचा चतकोर झाडाखाली ठेवला. नराने तो हुंगला, पायाने जरा सरकवला आणि सरळ फळ्यांकडे वाळवी खायला निघून गेला. आईला ते लागलं. तिच्या भाकरीला नाही म्हणणारं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं. "म्हणं कोल्हा काकडीला राजी," ती पुटपुटली, "ह्यांना भाकर गोड लागंना, किडे पायजेत." आप्पांना हसू आलं. ते त्यांनी चहाच्या बशीत लपवायचा प्रयत्न केला आणि बशीतला चहा माझ्या फ्रॉकवर.

आणि मग एका संध्याकाळी, मधे मी बसलेली असताना, माझ्या डोक्यावरून आईचा अगदी हलका आवाज गेला. "आवं, डाव्या अंगाला बगा." आप्पांनी डावीकडे पाहिलं. मी हललेसुद्धा नाही. नराने कसला तरी मोठा उंदीर धरून आणला होता आणि तो मादीपुढे ठेवत होता. ते आई-आप्पांनी पाहिलं. मी त्या दोघांनाच पाहत होते. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा "तुझ्या आप्पाला सांग" सुरू झालं, तेव्हा मी बुचकळ्यात पडले. हळूहळू कळलं, की अबोल्याची हद्द आता स्वयंपाकघरापुरती आहे. मागच्या उंबऱ्यावर तो चालत नाही. बायकोचा मान आणि नवऱ्याचा हट्ट दोन्ही सांभाळून माणसं अशी पळवाट काढतात. माझंही लग्न झालं, चाळीस वर्षं होत आली, त्यामुळे आता मला त्याचं नवल वाटत नाही.

उन्हं तापू लागली तशी बोरं सरली, पण फळ्यांच्या ढिगातली वाळवी होती, तिच्यासाठी खोकडं यायचीच. बहुतेक वेळा एकटी मादी. ती वाळली होती आणि पोट लोंबल्यासारखं दिसत होतं. आई तिला बघून म्हणाली, "लेकुरवाळी हाय. तारंच्या पल्याड बिळात लेकरं असतील." आता वाळवी काय, खोकडांचं ऐकून फळ्यांपुरती थांबते थोडीच? मागच्या दाराच्या चौकटीला मातीची बारीक नळी चढली. आईने ती बोटाने फोडली, आत पांढरे किडे. "सुरेखा, तुझ्या आप्पाला सांग, दाराला वाळवी लागलीय. काय तरी करा म्हणावं."

अबोला धरल्यापासून मीठ-मिरचीपलीकडचं आईने आप्पांना सांगितलेलं हे पहिलं काम. आप्पा एवढे खूश झाले, की दुसऱ्याच दिवशी कंपनीतून जळक्या ऑइलचा पाच लिटरचा डबा सायकलला बांधून घेऊन आले. मशीनमधून वापरून काढलेलं ते काळं तेल म्हणजे आमच्या माळावरच्या कामगारांचं रामबाण औषध. वाळवीला ऑइल, दाराच्या बिजागरीला ऑइल, डासांना गटारीत ऑइल, सापाला कुंपणाकडेने ऑइल. त्या वस्तीत एकही चौकट अशी नव्हती जी काळी नव्हती. उन्हाळ्यात दुपारी नुसतं वासावरून कळायचं, हे मशीन शॉपवाल्याचं घर आणि हे फोर्जिंगवाल्याचं. आप्पांनी चौकटीला ऑइल लावलं. तेवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण बायकोने सांगितलेलं काम त्यांना अर्धवट करायचं नव्हतं. वाळवी मुळापासूनच काढायची म्हणून त्यांनी फळ्यांच्या ढिगावर, ढिगाच्या बुडाशी, बोराच्या खोडाभोवती सगळा डबा ओतला. आई तेव्हा हापशावर पाण्याला गेली होती. ती आली तेव्हा आप्पा रिकामा डबा हातात घेऊन दारात उभे, चेहऱ्यावर पेढे आणले होते त्या दिवशीचा आनंद.

आई काही बोलायच्या आत मादी आली. ती नेहमीसारखी ढिगाकडे गेली, पुढचे दोन्ही पाय चिखलासारख्या त्या काळ्या तेलात गेले, तोंड फटीत घातलं आणि झटक्यात मागे झाली. तिने तोंड मातीवर घासलं, पाय झटकले, पुन्हा झटकले. मग तिथेच खाली बसून ती पाय चाटू लागली. आई एवढ्या जोराने ओरडली, "आगं नगं चाटू!" की मादी उडाली आणि तारेखालून दिसेनाशी झाली. तिचे पुढचे पाय कोपरापर्यंत काळे झाले होते. "अंगावर पिणारी लेकरं हायती तिला," आई म्हणाली, माझ्याकडे नाही आणि आप्पांकडेही नाही, समोरच्या गवताकडे बघत. "तेल चाटंल आन् तेच दूध पाजंल." मग आत जाऊन तिने मागचं दार लावून घेतलं. आप्पा बाहेरच राहिले. पुढच्या दाराने वळसा घालून आत आले.

यानंतरचा अबोला निराळा होता. या वेळी निरोपही बंद. मीठ संपलं तर आई ते स्वतः जाऊन आणायची. मला काम उरलं नाही आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. जोवर ती "तुझ्या आप्पाला सांग" म्हणत होती, तोवर सांगण्यासारखं काही तरी होतं. गावाकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर तिने तिच्या भावाला निरोप पाठवला, सुरेखाची परीक्षा झाली की न्यायला ये. मला म्हणाली, "धाव्वी तिकडंच कर." लोखंडी पेटी काढून तिने तिच्यात तिची लुगडी, माझे कपडे आणि देवघरातली अन्नपूर्णा ठेवली. अन्नपूर्णा पेटीत गेलेली पाहिली तेव्हा मला कळलं, की ही चार दिवसांच्या माहेरपणाची तयारी नाही. ती पेटी तिने मागच्या बंद दाराला टेकवून ठेवली आणि संध्याकाळी तिच्यावर बसून तांदूळ निवडू लागली, दाराकडे पाठ करून.

दिवसामागून दिवस गेले, मागे कुणी आलं नाही. मी शाळेतून आल्यावर खिडकीतून बघायची. फळ्यांचा ढीग, काळी पडलेली माती, तिच्यावर चिकटून मेलेल्या मुंग्या. मला खोकडांचं वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर मला घराचं जास्त वाटत होतं. ती मादी मेली असेल तर आई जाणार, हे मी माझ्या मनाशी धरूनच बसले होते.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असायची. त्या गुरुवारी सकाळी आप्पा दोन पोती घेऊन मागे गेले. पोत्यांत लाकडाचा भुसा होता. कारखान्यात मशीनखाली तेल सांडलं की त्याच्यावर भुसा टाकतात, तो तेल पितो, मग झाडून काढतात. आप्पांनी हे काम हेल्पर असल्यापासून केलेलं. त्यांनी काळ्या मातीवर भुसा पसरला, बुटाने दाबला, तेलकट झालेला भुसा भरून काढला, पुन्हा पसरला. फळ्या एकेक करून रस्त्यापलीकडे नेऊन टाकल्या. मग फावडं घेतलं आणि थांबले. आणि मग त्यांनी हाक मारली, मला नव्हे.

"ऐकायलीस का? किती खोल काढू?"

मी सवयीने मान वळवली, "आई, आप्पा विचारतायत..."

"ऐकू आलंय मला," आई म्हणाली. तिने पेटी जरा बाजूला ओढली, दार उघडलं, बाहेर गेली, खाली वाकून मूठभर माती उचलली आणि नाकाशी नेली. "अजून," ती म्हणाली. आप्पांनी खणलं. "आता?" आईने पुन्हा माती हुंगली. "अजून." ऊन डोक्यावर आलं तरी हेच. ते विचारतायत, ती हुंगतेय, अजून, अजून. ज्या माणसाने प्लॉट घेताना, पाया भरताना, स्लॅब टाकताना काही म्हणजे काही विचारलं नव्हतं, तो वितीवितीला विचारत होता. मी घमेल्यातून माती वाहत होते. शेवटी आईने माती हुंगली, खाली टाकली आणि हात झटकले. त्या खड्ड्यात ओढ्याकाठची चांगली माती पडली. त्यानंतर आप्पांनी पॅकिंगच्या खोक्यांच्या कोऱ्या फळ्या आणल्या, आणि "ह्या कुठं ठेवू?" असं विचारून, आईने बोट दाखवलं त्या कोपऱ्यात अर्ध्या पुरल्या, वर पाणी शिंपडलं. गेनूतात्या तारेकडेने चालले होते, ते थबकले. "काय चाललंय?"

"वाळवी लागावी म्हणून लाकूड पुरायलोय," आप्पा म्हणाले.

"आरं, लोकं वाळवी मारत्यात, अन् तू पाळतोस व्हय?" तात्या हसत हसत निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी वस्तीभर झाली. कंपनीत पुढे कित्येक दिवस आप्पांना "वाळवीवाले" म्हणत. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. रोज अंघोळीच्या आधी ते त्या फळ्यांवर तांब्याभर पाणी घालायचे, तुळशीला घालावं तसं.

मला वाटलं, झालं, मिटलं. रात्री आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "माती काढली म्हंजी झालं का? ती जगली का मेली, कुणाला ठावं?" पेटी भरलेलीच, पुन्हा मागच्या दाराला टेकलेली राहिली. माझी परीक्षा झाली आणि दिगूमामा आला. एसटीने रात्रभर प्रवास करून, धोतर चुरगाळलेलं, हातात आजीने दिलेली शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघणार होतो. आप्पांची थर्ड शिफ्ट होती, म्हणून संध्याकाळी तेही घरात. आईने धपाटे केले. बोलत होता तो फक्त मामा. पाऊसपाणी, सोयरिकी, कुणाचा बैल. जेवून झाल्यावर, सकाळी घाई नको म्हणून पेटी पुढच्या दाराशी न्यायला तो उठला. ती बाजूला सरकवताना मागचं दार उघडं पडलं. मामाने बाहेर पाहिलं आणि भरल्या पोटाने ओरडला, "आयला, कोल्हं!"

"शूऽऽ!"

ते दोघंही एकदम म्हणाले. आई तव्यापासून आणि आप्पा बाजेवरून. दोघंही एकाच दमात दाराशी आले. कोपऱ्यातल्या फळ्यांपाशी मादी होती, आणि तिच्यामागे मातकट रंगाची, मुठीत मावतील एवढ्या तोंडाची पिल्लं. ती फळ्यांच्या फटीत नाक घालायची, मग पिल्लं तिच्या अंगावरून चढून नाक घालायची. एक पिल्लू उलटं पडलं. मादीने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं. तिच्या पुढच्या पायांवरची लव अजून काळपट होती.

"आवं, तीच हाय," आई म्हणाली.

"तीच," आप्पा म्हणाले.

आई मागे न बघताच खाली बसली, त्या भरलेल्या पेटीवर. ती रडत होती. काळेवाडी सोडताना रडली नव्हती, ते सगळं तेव्हा आलं. आप्पा तिच्या शेजारी बसले. मला मधे जागा नव्हती म्हणून मी मामाच्या बाजूला उभी राहिले, आणि मला आठवतं, जागा नसल्याचा मला किती आनंद झाला होता. बऱ्याच वेळाने, खोकडं गेल्यावर, आप्पांनी विचारलं, "उद्या किती वाजताची गाडी आहे?"

"कुणाची?" आई म्हणाली.

"दिगूची."

"त्याला इचारा की मग."

मामा एकटाच गेला, वाळवलेली बोरं आणि थोडासा राग घेऊन. पुढे प्रत्येक लग्नकार्यात तो सांगायचा, की माझ्या बहिणीने मला कोल्ह्यांसाठी माघारी लावलं.

पुढे वस्ती वाढली, सगळ्यांनी कुंपणाच्या भिंती घातल्या, आम्हीही घातली. गवंडी शेवटचा थर लावत होता तेव्हा आप्पांनी आईला विचारलं, "कुठं ठेवायचं?" आईने बोराच्या अलीकडची जागा दाखवली आणि तिथल्या विटा काढून बुडाशी एक भोक ठेवलं गेलं. आजवर जो-जो डागडुजीला आला त्याने ते बुजवायला निघून शिव्या खाल्ल्या. आतल्या विटेची कड आता हात फिरवला तर गुळगुळीत लागते. तारेपलीकडचं गवत लष्कराच्या हद्दीत असल्यामुळे शाबूत राहिलं आहे, आणि त्या भोकातून अजूनही संध्याकाळी कुणी तरी येतं. त्या मादीच्या कितव्या पिढीचं, ते मी मोजायच्या भानगडीत पडत नाही. शेजारच्या टॉवरच्या ग्रुपवर मागे एकाने गॅलरीतून काढलेला अंधुक फोटो टाकला होता. त्याचा तासाभरात आधी लांडगा झाला, मग तरस, मग बिबट्याचं पिल्लू. मी लिहिलं, "आमचं आहे, घाबरू नका." त्यावर मला विचारणा झाली, की पट्टा का घालत नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको आई-आप्पांजवळ राहायला आलो. आप्पांना आता ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन ते मुद्दाम खुंटीला लावून ठेवतात. वाकडला राहणारी माझी लेक रविवारी येते, तेव्हा तिची मनू, माझी नात, थेट मागच्या दाराशी पळते. तिथे ती लोखंडी पेटी आहे, तेव्हापासून तिथेच. तिच्यावर आई एका टोकाला, आप्पा दुसऱ्या टोकाला, मधे मनू. अन्नपूर्णा त्याच रात्री देवघरात परत गेली, पण लुगडी काढलेली मी कधी पाहिली नाही. गेल्या रविवारी मनूने विचारलंच, "पणजी, या पेटीत काय आहे?"

"माहेरी जायची कापडं," आई म्हणाली.

"अजून?"

"मग? तुझ्या पणजोबाचा काय भरवसा? तयारी ठिवावी माणसानं."

"काय म्हणायली?" आप्पांनी मनूला विचारलं.

मनूने मान वळवली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने सांगितलं. आप्पांनी चेहरा गंभीर केला. मग म्हणाले, "तिला विचार, किती वाजताची गाडी आहे म्हणावं." मनूने मान पुन्हा वळवली. पण निरोप पोचायच्या आत भिंतीच्या भोकातून दोन उंच कान वर आले आणि पेटीच्या दोन्ही टोकांकडून एकदम "शूऽऽ" झालं. मनू दोघांच्या मधे गप्प बसली. मी गॅस बारीक केला आणि दाराशी जाऊन उभी राहिले.